एकशेष

घाटकोपर,
१७ जून १९५६

चि. जयवंत,

अनेक आशीर्वाद. एरवी मला 'तीर्थस्वरूप' लिहितोस, या खेपेला 'तीर्थरूप' लिहिलंस. तीर्थरूप म्हणजे जन्मदाता बाप. बहिणीचा नवरा फार तर तीर्थासारखा दिसतो, म्हणून तीर्थस्वरूप. कॅमेऱ्याच्या नादात तुला मूळ कोणतं आणि प्रतिबिंब कोणतं हे कळेनासं झालं आहे, त्याचं हे पहिलं लक्षण.

सातही फोटो पाहिले. तुझ्या ताईने दोनदा पाहिले, दुसऱ्यांदा पिठाच्या हातांनी, तेव्हा दोन फोटोंवर तिच्या अंगठ्याचा शिक्का आहे. बोरिवलीच्या त्या बंगल्याचं फाटक मोठं विनोदी आहे. दोन खांब, दोन कुंड्या आणि 'कुत्र्यापासून सावध' अशा पाट्याही दोन. कुत्रा एकच असावा. पाणक्याची कावड चांगली आली आहे. शेवंती भाजीवालीला तू म्हणालास की पारडी सारखी धर, आणि ती म्हणाली की सारखी धरली तर धंदा काय करू. हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. सगळे हसले, गणिताचे सर सोडून.

जगात जे जे जोडीने उभं आहे ते टिपायचं, हा तुझा छंद मला पटतो. संस्कृतात त्याला द्विवचन आहे. एक, दोन आणि अनेक. मराठीने मधलं टाकलं, त्यामुळे आपल्याकडे दोघं जमले की लगेच गर्दी होते.

यावरून परवाची गोष्ट. घरी शिकवणीच्या मुलांना एकशेष समास सांगत होतो. माता च पिता च पितरौ. आईबापांची जोडी सांगायची तर आईचा शब्द गळतो, बापाचा उरतो आणि त्याला द्विवचन लागतं. दिसतो एक, अर्थ दोघांचा. तुझी बहीण पलीकडे तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग आई कुठे गेली?" मी म्हटलं, "आत आहे." "आत म्हणजे स्वयंपाकघरात, असंच ना?" मुलं हसली आणि मी तास आवरता घेतला.

मालनचा फोटो काढायचं म्हणतोस, तर ये. आमच्या लग्नातल्या एकुलत्या फोटोत तिने मान इतकी खाली घातली आहे की मुंडावळ्यांखेरीज काही आलेलं नाही. तेवीस वर्षं मी तो 'मी आणि एक मुंडावळी' म्हणून पाहुण्यांना दाखवतो. ती म्हणते, "मी काय फाटक आहे फोटो काढायला?" पण काल निळं लुगडं इस्त्रीला गेलं.

ता. क. आमच्या गवळ्याच्या एका म्हशीचं एक शिंग वर आणि एक खाली आहे. तिला तुझ्या फोटोंच्या वहीत जागा मिळेल का?

तुझा,
अनंत


बोरिवली,
१ जुलै १९५६

तीर्थस्वरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार. (आता बरोबर?)

ताईला सांगा, फाटकापेक्षा ती सरळ आहे. आमच्या ऑफिसात इमारतीचं दर्शनी चित्र कसं काढतात माहीत आहे ना? आधी मधोमध एक उभी रेघ मारायची, ती मध्यरेषा. मग एका बाजूचं अर्धं ट्रेसिंगच्या कागदावर काढायचं, कागद त्या रेघेवर उलटा करायचा आणि दुसरी बाजू गिरवायची. अर्ध्या मेहनतीत पूर्ण इमारत. साहेब खूश, आपण घरी.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा आणि ताई चौदाची. मला समोर बसवून भरवायची. एका घासाला मी इतका वेळ लावायचो की ताटातलं गार व्हायचं, आणि तेवढा वेळ समोर तिचा चेहरा. भांग, कुंकू, नाक, हनुवटी, सगळं एका रेघेत. मध्यरेषा मी तिथेच शिकलो, ऑफिसात फक्त तिचं नाव कळलं.

पंधरा तारखेच्या रविवारी कॅमेरा घेऊन येतो. स्टेशनाजवळ स्टुडिओ असलेला माझा दोस्त माणिक रविवारी त्याची काळी खोली मला वापरू देतो, त्याच दिवशी छापून टाकू. झकास काम होईल.

म्हशीला वहीत जागा नाही. सॉरी.

जयवंत


घाटकोपर,
९ जुलै १९५६

चि. जयवंत,

पंधराला येऊ नकोस. मालनचे डोळे आले आहेत. याला नेत्राभिष्यंद म्हणतात. नाव भारदस्त असलं की आजारही रेंगाळतो. दोन्ही डोळे आले का, असं तू विचारशील म्हणून सांगतो, हो, अगदी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे. तुला आणि कुंदाला लागण नको.

ती स्वतः का लिहीत नाही याचं कारण वर आलंच.

अनंत


बोरिवली,
२ सप्टेंबर १९५६

तीर्थस्वरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार.

डोळे दोन महिने येतात का? नारळी पौर्णिमेला निघालो होतो, तर तुमचं कार्ड हातात पडलं की ताई मुलुंडला मैत्रिणीकडे गेली आहे. गणपतीत येऊ का विचारलं तर उत्तरच नाही.

मग त्या पौर्णिमेला कुंदाला घेऊन मार्व्याच्या तरीने खाडी ओलांडून मनोरीला गेलो. भरती संपून पाणी थांबलं होतं. एक होडी आणि तिच्याखाली तिचीच उलटी होडी, मध्ये काठाची रेघ. तसं मला आयुष्यात परत मिळायचं नाही. होडीवाल्या भाऊने विचारलं, "कंची पायजे? वरची का खालची?" मी म्हटलं, दोन्ही. म्हणाला, "खालची भाड्यानं देत नाय."

फोटो सोबत आहे. ताईला दाखवा.

भाऊजी, माझं काही चुकलंय का? कुंदा म्हणते, लग्न झाल्यावर मी घाटकोपरला बिऱ्हाड केलं नाही, इतक्या लांब आलो, याचा वन्संना राग असेल. ताई राग बोलून दाखवत नाही, गप्प बसते. तसं असेल तर सांगा.

जयवंत


घाटकोपर,
१९ ऑक्टोबर १९५६

चि. जयवंत,

दोन्ही होड्या मिळाल्या. खालची जास्त आवडली. ती किंचित थरथरते आहे, म्हणजे जिवंत आहे.

तुझं काहीही चुकलेलं नाही. हे वाक्य दोनदा वाच. पण भाऊबीजेला येण्याचे कष्ट घेऊ नकोस, कारण ओवाळणारी घरी नाही. सुनंदाचे दिवस भरत आले आहेत. लेकीच्या बाळंतपणासाठी मालन इंदूरला जावयाकडे गेली आहे. मी एकटा आहे, आणि मला ओवाळता येत नाही.

अनंत


बोरिवली,
२३ ऑक्टोबर १९५६

तीर्थस्वरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार.

सुनंदाचं हे पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, भाऊजी. लेक येते, आई जात नाही. आणि सुनंदाचे दिवस पौषात भरतात, हे मला कुंदाने बोटांवर मोजून दाखवलं. तुमचं संस्कृत पक्कं असेल, हे तुम्हाला जमलं नाही.

ताई घरातच आहे आणि तिला मला बघायचं नाही, एवढंच मला कळतं. मी भाऊबीजेला येणार. दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. गेली वीस वर्षं एक भाऊबीज चुकलेली नाही.

जयवंत


घाटकोपर,
२७ ऑक्टोबर १९५६

चि. जयूस ताईचे आशीर्वाद.

हे संस्कृतात खोटं बोलतात म्हणून इतके दिवस खपलं. बाळंतपणाचं मराठीत लिहावं लागलं, तिथे सापडले. यांना बोलू नकोस. मी शपथ घातली होती.

पाच जुलैला सकाळी दूध गाळताना डाव्या हातातलं पातेलं सुटलं. उचलायला गेले तर हात ऐकेना. आरडाओरडा करावा म्हटलं तर तोंड ऐकेना. डॉक्टरांनी अर्धांग सांगितलं. हात आता थोडा वळतो. तोंड डावीकडे उतरलंय ते तसंच आहे. तो डोळा झोपेतही मिटत नाही. माझं बोलणं निम्मंच कळतं. यांना सगळं कळतं, म्हणजे कळत नाही ते हे पदरचं जोडतात.

तुझं ते मध्यरेषेचं पत्र आदल्या दिवशी, चारला आलं होतं. अजून उशाखाली आहे. ते वाचलेल्या माणसासमोर हे तोंड कसं न्यायचं, म्हणून नको म्हटलं. राग नाही रे. राग कसला.

पण मग वाटलं, एक तरी फोटो हवा. सुनंदाच्या बाळाला आजी म्हणजे मुंडावळ्या असं वाटायला नको. तर भाऊबीजेला ये आणि तुझा तो डबा आण. माझी अट एकच. मान वळवून, पदर ओढून, चांगली बाजू शोधून काढायचा नाही. समोरून काढ, आहे तसा. मी यांच्या म्हशीसारखी झालेय, एक शिंग वर, एक खाली. आता तरी तिला वहीत घे.

उजवा हात चांगला आहे, म्हणून अक्षर वाचता येईल. ओवाळीनही.

ताई


बोरिवली,
११ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार.

तुम्हाला नको ते बोललो, पोटात घाला. चार महिने तुम्ही एकटे काय काय करत होता, ते त्या दिवशी बघितलं. ओवाळताना ताटाची उजवी कड तिने धरली, डावी तुम्ही. तुम्ही दोघं इतके सवयीने हललात की क्षणभर मला कळलंच नाही, हात कुणाचा कुठला ते.

फोटोच्या वेळी मला उशीर का झाला, सांगतो. मी तीनदा कॅमेऱ्यात पाहिलं आणि तीनदा मान वर केली. रेघ कुठेच बसेना. कुंकवावर धरावी तर हनुवटी निसटे. तेव्हा ताई काही बोलली, मला समजलं नाही, आणि तुम्ही सांगितलंत, "ती विचारते, घासाला अजून इतकाच वेळ लावतोस का रे?" मग मी दाबलं. एकच काढला. रोलमध्ये जागा होती तरी दुसरा निघेना.

रोल अजून धुतलेला नाही. धुतला की पाठवतो. तिला तेलाने चोळता, ते सोडू नका. माणिकच्या आत्याचं तोंड सहा महिन्यांनी सरळ झालं होतं.

जयवंत


बोरिवली,
२० जानेवारी १९५७

तीर्थस्वरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार.

तेराव्याला तुमच्याशी धड बोललो नाही, म्हणून लिहितो.

भिंतीवर तुम्ही खिळा ठोकून ठेवला होता. त्याखाली पाट आणि पाटावर नुसताच हार, कारण घालायला काही नव्हतं. येणारा प्रत्येक जण खिळ्याकडे बघायचा. भाऊजी, फोटो तेव्हा तयार होता. माझ्या खिशात होता. मला तो बाहेर काढवला नाही. ती तशी भिंतीवर लागली की कायमची तशीच राहणार, असं वाटलं.

आता बरोबर केलाय. तीन रविवार माणिकच्या काळ्या खोलीत बसलो. बघा, पुसटशी खूणही दिसत नाही. ताई होती तशी. मला भरवताना दिसायची तशी.

खिळ्यावर लावा.

जयवंत


घाटकोपर,
२७ जानेवारी १९५७

चि. जयवंत,

फोटो पोचला. मी या बाईंकडे बराच वेळ बघत बसलो. सुरेख आहेत. शांत, सरळ, घरंदाज. पण आमची ओळख नाही.

मालनची चमकी डाव्या नाकपुडीत होती. सुनंदाच्या बारशाला घातली, त्यानंतर मी तिला कधी चमकीवाचून पाहिलं नाही. शेवटच्या दिवशीही ती काढायला मी नको म्हटलं. या बाईंना चमकी नाही. तिच्या डाव्या भुवईच्या टोकाला तीळ होता. यांना नाही. डाव्या कानावरची बट कधी वेणीत राहिली नाही, यांचे केस दोन्हीकडे शाळेच्या पटांगणासारखे सारवलेले. बायकोला वामांगी म्हणतात, नवऱ्याचं डावं अंग. हिने ते फारच मनावर घेतलं असावं, कारण आपली सगळी ओळख तिने डावीकडेच ठेवली होती.

तू काय केलंस ते मला कळलं. उजवं अर्धं घेतलंस आणि कागद उलटा केलास. अर्ध्या मेहनतीत पूर्ण बहीण.

हे वाक्य खोडावं असं वाटलं, पण तू माझी खाडाखोड ओळखतोस, म्हणून राहू देतो. मी रागावलेलो नाही. चार महिने तुला 'डोळे आले, मुलुंडला गेली, इंदूरला गेली' असं लिहिणाऱ्या माणसाला तो अधिकार नाही. आपण दोघांनीही तिची ती बाजू झाकली. तू तुझ्या हत्याराने, मी माझ्या.

फरक एवढाच की मी त्या बाजूला बसत असे. घास डावीकडून सांडायचा, म्हणून जेवताना मी डावीकडे. डोळा मिटत नसे म्हणून त्यावर ओला कपडा ठेवायला डावीकडे. साडेपाच महिने, जयवंत. उजवी बाजू मला तेवीस वर्षांच्या सवयीने दिसत होती. डावीशी मी नव्याने संसार केला. ती वाईट दिसत नव्हती. ती दमलेली दिसत होती.

तिने तुला घातलेली अट मला वाचून दाखवली होती. तेवढी पाळू. तू काढलास तो फोटो, आहे तसा पाठव. हा परत पाठवत आहे. सुनंदाला आठ तारखेला मुलगी झाली, इंदूरलाच. तिने पहिल्याच पत्रात आईचा फोटो मागितला आहे, आणि खिळा रिकामा आहे.

अनंत


बोरिवली,
३ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप भाऊजी,

तो फोटो आता नाही. हे लिहायला आठवडा लागला.

खिशातला होता तो मी माणिककडेच फाडून टाकला. निगेटिव मध्यरेषेवर ब्लेडने कापली. माणिक ओरडला, "अरे यार, कापायचं तर कागद काप ना, निगेटिव काय कापतोस? वाट लावलीस." तोवर हात चालून गेला होता. माझा हात ट्रेसिंगचा, भाऊजी. त्याला दुसरी रीत येत नाही. उजवा तुकडा सुलटा छापला, उलटा छापला, पुन्हा पुन्हा. ओल्या बोटांनी त्यावरचं सगळं निघून गेलं. आता ती नुसती काच, म्हणजे काचेसारखी पट्टी उरली आहे.

कुंदाने पहिल्या दिवशीच विचारलं होतं, "वन्संची चमकी कुठंय?" मी म्हटलं, छापताना उडाली.

डावा तुकडा टाकून द्यायला हातात घेतला होता. टाकवला नाही. ऑफिसातल्या माझ्या खणात, त्रिकोणी पट्ट्यांच्या पाकिटात तो पडून होता. काल त्यावरून छापला. सोबत आहे. अर्धाच आहे. मधल्या कडेला ब्लेड घसरल्याची खूण आहे. चमकी आली आहे. तीळही.

ताईने मला आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. तुम्ही रागवायला हवं होतं.

जयवंत


घाटकोपर,
१७ फेब्रुवारी १९५७

चि. जयवंत,

अनेक आशीर्वाद. मायन्यात तू मला पुन्हा तीर्थरूप केलं आहेस. या वेळी दुरुस्त करत नाही.

अर्धा फोटो मिळाला. चमकी, तीळ, बट, सगळी मंडळी आपापल्या जागी आहेत. डोळा उघडा आहे आणि तुझ्याकडे बघतो आहे. नीट पाहिलंस तर त्यात हसू आहे. घासावरून तुला टोमणा मारला त्याच वेळचं. ते ओठांपर्यंत पोचलं नाही, कारण तिथली वाट बंद होती.

चौकटवाल्याने विचारलं, "अर्ध्या फोटोला अर्धी चौकट करू?" मी म्हटलं, पूर्ण कर. बघणाऱ्याच्या उजव्या हाताला फोटो आहे आणि डाव्या हाताला काळा कागद, वरून काच. भिंतीवर लावल्यानंतर कळलं की काळ्या कागदावर काच आरशाचं काम करते. समोर उभं राहिलं की त्या बाजूला माझं तोंड येतं. त्यामुळे दाढी पुन्हा वेळेवर होऊ लागली आहे.

सुनंदाला एक प्रत हवी आहे. तीही अर्धीच छाप. मुलीला उरलेलं मी सांगेन.

रागवायचं म्हणशील तर तेही जमलं नाही. तू दोन तुकडे केलेस त्यातला चुकून हवा तोच ठेवलास. उजवा मला पाठ आहे. रविवारी ये, कुंदाला घेऊन ये आणि डबा आण. गवळ्याची म्हैस अजून आहे. गवळी म्हणतो, समोरून काढणार असाल तरच उभी करतो.

आणखी एक. शिकवणी परवापासून पुन्हा सुरू केली. नव्या मुलांना एकशेष सांगायची वेळ आली. माता च पिता च पितरौ, आईचा शब्द गळतो, बापाचा उरतो, असं म्हणून मी सवयीने थांबलो. तांदळाचं ताट वाजलं नाही. मुलं पाटीवर उतरवून घेत होती. मग जयंती नावाची एक नवी मुलगी आहे, ती भिंतीकडे बघत म्हणाली, "सर, या बाईंचं उरलेलं कुठे आहे?"

मी म्हटलं, "आत आहे."

तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.

तुझा,
अनंत